डावं पुढचं

चाळीसच्या खाली काही नाही.
चाळीस ओलांडली की डाव्या अंगाला, फरशीखाली,
कुणीतरी जात्यात खडे टाकतं.

पहिले दोन आठवडे मी रेडिओ मोठा केला.
हे मी कबूल करू नये खरं तर.
दिवसभर बंद खोलीच्या काचेपलीकडे
माणसं बसवते, कानाला हेडफोन लावते,
आवाज आला की बटण दाबा, म्हणते,
आणि न दाबलेल्या बटणांचा आलेख काढते.
निम्मे आलेख सारखेच. चार हजारांपाशी खड्डा.
माग? मी विचारते.
बत्तीस वर्षं, ते म्हणतात, जरा अभिमानानेच.

बालराज इराबत्तीचं गॅरेज अक्कलकोट रोडला,
टॉवेलच्या दोन कारखान्यांमधल्या बोळात.
पत्र्यापलीकडे माग चालू,
त्यामुळे इथे सगळेच ओरडून बोलतात
आणि कुणी कुणावर चिडलेलं नसतं.

"पुढून आवाज येलालाय."
"कसला? करकर, कटकट, का गुरगुर?"

मी अडखळले.
अठरा वर्षं आवाज आकड्यांत मोजले,
नाव कुणी विचारलं नव्हतं.
"घरघर," म्हणाले. मग, "नाही, घरघर कोरडी असते.
गुरगुर. पोटातली."

"करकर असती तर पॅड. कटकट असती तर जॉइंट.
ब्रेक दाबल्यावर थांबती?"
नाही.
"उजवीकडं वळताना वाढती?"
वाढते, पण तुम्हाला कसं...
"वजन डावीकडं पडतंय की, मॅडम."

मग तो शेजारी बसला आणि मी हायवेला काढली.
साठवर गाडी दळायला लागली, खिडकीची काच थरथरली.
मी त्याच्याकडे पाहिलं.
तो चादरींच्या दुकानाची पाटी वाचत होता.
पुन्हा पाहिलं, तेव्हा तो माझ्या ओठांकडे बघत होता,
उजवा कान किंचित पुढे.
ती मान मला ओळखीची आहे.

बोळात परत. जॅक. तौफिकने चाक हाताने गरगर फिरवलं.
पत्र्यात खडा अडकलाय का, ते आधी वाकून पाहिलं. नव्हता.
चाक वरखाली हलवलं. हललं नाही.
पुन्हा फिरव, असं बोटानेच सांगून
बालराजने स्प्रिंगच्या वेटोळ्यावर दोन बोटं टेकली,
कुटलेली शेंगाचटणी चिमटीत चोळून बघावी तशी,
भरड राहिली का, बारीक आली.
मग उजवं चाक. मग पुन्हा डावं.
"इथं ठेवा हात."

ठेवला.
मागांच्या खटखटीत मला चाकाचा आवाज काही ऐकू येत नव्हता,
आणि बोटांतून कोपरापर्यंत तो चढत होता,
तीच गुरगुर, दाणेदार,
सरकताना मध्येच दचकणारी.
"बेअरिंग," तो म्हणाला. "डावं पुढचं.
प्रेस करायला पाठवावं लागंल. सांजच्याला या."

पैसे देताना मी म्हणाले, एकदा या आमच्याकडे.
वीस मिनिटं लागतात. तुमचे पैसे नाही घेणार.
"कशाला?
मला येतंय की सगळं ऐकू.
गिऱ्हाईकंच हळू बोलतात."

जुनं बेअरिंग त्याने टॉवेलच्या कटपीसात बांधून दिलं,
ग्रीस लागेल म्हणून.
साठला गाडी आता गप्प. नव्वदला
डॅशबोर्डच्या कप्प्यातली नाणी तेवढी ऐकू येतात,
आणि मागच्या सीटचा बेल्ट, जो बहुतेक कायमच वाजत असेल.

दुसऱ्या दिवशी पहिले पेशंट सायबण्णा म्हेत्रे.
तोच आलेख, तोच खड्डा.
फॉर्मवर प्रश्न असतो, कानात आवाज होतो का,
हो किंवा नाही.
त्यांनी हो म्हटलं. मी पेन तसंच धरून बसले.
"कसला?"
"म्हंजे?"
"कसला होतो? कशासारखा?"

ते काचेकडे बघत राहिले. एवढा वेळ
मी कुणालाच देत नाही, बाहेर आठजण होते.
मग म्हणाले,
"पाणी यायच्या आधी नळ करतो ना,
चार दिवस कोरडा राहिलेला,
तसा.
फक्त ते पाणी येत न्हाई."

फॉर्मवर त्याला रकाना नव्हता.
कडेला लिहिलं, उभं, बारीक अक्षरात.